दुर्पदेच्या मुलीसाठी मिस्सा

मी त्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन म्हणून रुजू झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून एका पुरुषाचा आवाज ऐकू आला.

“दुर्पदेले थोडं सुख दे. तिच्या नवऱ्याची दारू सुटू दे. त्या मास्तरले अक्कल दे. आन् छबीच्या आत्म्याले शांती दे.”

भिंत म्हणजे नुसतं प्लायवूडचं पार्टिशन होतं. अलीकडे माझी लॅब, पलीकडे एक्सरेची खोली. एटापल्लीच्याही पुढे, जंगल दाट होत जातं त्या बाजूला आमचं हे लहानसं रुग्णालय. मी वडशाजवळच्या धानकरी घरातली मुलगी. पहिलीच नोकरी आणि घरापासून इतक्या लांब राहायची पहिलीच वेळ. रोज साडेआठला, ओपीडी उघडायच्या आधी, पलीकडून हीच नावं यायची. मला वाटलं, काय नशीब असेल या माणसाचं! बहीण दुःखात, मेहुणा दारुडा, घरातली एक पोर गेलेली. पाचव्या दिवशी मला राहवलं नाही. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरना मी हळूच विचारलं, “सिस्टर, एक्सरेवाल्या भाऊंच्या घरची छबी कोण होती? कशानं गेली?”

सिस्टर म्हणजे आमच्या मुख्य नर्स. मूळच्या केरळच्या. पंचवीस वर्षं या भागात काढूनही त्यांच्या मराठीत सगळं जग पुल्लिंगी होतं. हातातला गोळ्यांचा ट्रे तसाच धरून त्या हसत सुटल्या.

“अगं, तो छबी पुस्तकातला आहे! दुर्पदा पण पुस्तकातला. माझा नवरा आहे ना तो, त्याला खरा माणूस पुरत नाही.”

अशी मला एकाच दमात दोन माणसं कळली. एक, कादंबरीतल्या माणसांसाठी देवाकडे मागणं मागणारे भाऊ. आणि दुसऱ्या, त्यांच्याशी संसार करणाऱ्या सिस्टर.

भाऊंचे वडील वसईकडचे. रेल्वेत स्वयंपाकी म्हणून बल्लारशाला आले आणि तिथेच राहिले. भाऊ तिथेच जन्मले, तिथेच शिकले, त्यामुळे बोलणं अस्सल इकडचं. उंच, हडकुळे, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि जपमाळ. चष्म्याची एक काडी कायम दोऱ्यानं बांधलेली. हाताला डार्करूममधल्या औषधाचा आंबूस वास असायचा आणि तोच वास त्यांच्या सगळ्या पुस्तकांना. तेव्हा आमच्याकडे फिल्मवाले एक्सरे होते. पेशंट हलला की फिल्म वाया जायची. अशा वाया गेलेल्या फिल्मांची भाऊ पुस्तकांना कव्हरं घालत. त्यामुळे त्यांच्याकडून आणलेली कादंबरी उजेडात धरली की वरती कुणाच्या तरी बरगड्या दिसायच्या. माझ्या खोलीवर एकदा आई राहायला आली होती. तिनं उशाशी असलेलं पुस्तक पाहिलं आणि हात न लावता म्हणाली, “बाप्पा, हे काय वाचून राह्यली तू? मढ्याचं पुस्तक हाय का?”

पुस्तक उघडण्याआधी भाऊ कपाळ, छाती, खांदे असा क्रूस करीत. जेवणाआधी करतात तसाच. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “जेवनाआधी करतो, मंग याच्याआधी काऊन नाई? हेबी पोटातच जाते.”

मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, “लॅबवाल्या बाई, काय वाचता?” मी स्पर्धा परीक्षेच्या गाइडचं नाव सांगितलं. त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी एखादा आजार सांगितला. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर मायक्रोस्कोपशेजारी एक जाड कादंबरी होती. परत कधी करायची याची अट नव्हती. अट वेगळीच होती.

“वाचून झालं का मले सांगजा, कोनासाठी प्रार्थना करावीशी वाटली.”

“भाऊ, मी तर मारुतीच्या देवळात जाते.”

“मंग तिथी करजा. मी कुठी अडवून राह्यलो?”

ती कादंबरी दगडखाणीवर काम करणाऱ्या दुर्पदेची होती. भाऊ कुठल्याच पुस्तकाला त्याच्या नावानं ओळखत नसत. ही ‘दगडखाणवाली’. दुसरी एक ‘आंधळ्या टपालवाल्याची’. एक ‘त्या दोन भावांची, जे शेवटी बोलतच नाईत’. लेखकाचं नाव विचारलं तर आठवायला त्यांना वेळ लागे, पण दुर्पदेच्या शेजारणीच्या शेळीचा रंग कोणता होता ते लगेच सांगत. दुर्पदेची छबी त्या पुस्तकात तापानं जाते. मी दोन दिवसांत वाचून काढली आणि भाऊंना जाऊन सांगितलं, “छबीसाठी वाटली.” ते म्हणाले, “छबीसाठी समद्यायलेच वाटते. त्या दारुड्यासाठी वाटल तवा सांगजा.”

ईस्टरच्या आधीचे उपवासकाळाचे चाळीस दिवस आले की भाऊ कादंबऱ्या सोडत. बाकी ख्रिस्ती लोक मटण सोडतात. भाऊ म्हणत, “मटन सोडून काय होते? मले ते तसंबी पचत नाई.” ते चाळीस दिवस अख्ख्या दवाखान्याला जड जात. एरवी “दम रोका दादा, हं, सोडा” असं मायेनं म्हणणारा माणूस त्या दिवसांत पेशंटवर खेकसायचा, “रोका म्हनलं ना!” छापील अक्षर दिसलं की त्यांची नजर तिकडे ओढली जायची. भजी ज्या कागदात बांधून आली तो कागद ते उलटा करून ठेवत. एकदा मी त्यांना सलाइनच्या बाटलीवरचं लेबल पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचताना पकडलं. त्यांनी शाळेतल्या पोरासारखी मान खाली घातली. आमचा अ‍ॅम्बुलन्सचा ड्रायव्हर फेब्रुवारीतच येऊन विचारायचा, “सिस्टर, आवंदा भाऊचा ईस्टर कवा हाय?” आणि सिस्टर म्हणायच्या, “चाळीस दिवस देवाला आनंद, मला त्रास.” ईस्टरच्या दिवशी सकाळी भाऊ क्वार्टरच्या ओसरीत खुर्ची टाकून एक नवी कादंबरी घेऊन बसत. दुपारपर्यंत त्यांना कुणी हाक मारायची नाही, हा नियम मोठ्या डॉक्टरसाहेबांनीही पाळला होता.

क्वार्टरमध्ये औषधांचं एक जुनं लोखंडी कपाट होतं, त्यात पुस्तकं. वरच्या कप्प्यात धार्मिक पुस्तकं होती आणि ती फारशी हलत नसत. मला वाटायचं, इतका देवभोळा माणूस, तीच जास्त वाचत असेल. एकदा मी तसं म्हणाले. भाऊ खालच्या कप्प्यातून पुस्तक काढत होते, तिथूनच बोलले, “त्या वरच्या पुस्तकातल्या संतायले कधी ताप येत नाई. कधी भूक लागत नाई. प्रार्थना केली का झालंच काम. माही प्रार्थना तशी होत नाई ना. मी तीस वर्सं दुर्पदेच्या नवऱ्यासाठी मागून राह्यलो, तो दर बारीले पितेच.”

“मग मागता कशाले?”

“तो पितेच म्हनून.”

वरच्या कप्प्यातलं एकच पुस्तक त्यांना मनापासून आवडायचं. एका संताचं चरित्र, ज्याला पहाटेच्या प्रार्थनेला झोप लागायची. त्या पानाचा कोपरा दुमडून दुमडून तुटला होता. ज्या कादंबऱ्यांत माणसं देवाला पार शिव्या घालतात, त्या वाचताना भाऊ खूश असत. म्हणत, “शिवी देते म्हनजे समोर कोनी तरी उभं हाय असं मानते न.” जिथे पानापानावर देवाची स्तुती, ते पुस्तक ते दहा पानांतच मिटत आणि म्हणत, “हा लेखक देवाले कधी भेटला नाई. नुसता फोटो पाह्यला.”

महिन्याच्या तिसऱ्या रविवारी चंद्रपूरहून एक तरुण फादर जीपनं यायचे. आमच्या भागात कॅथलिक सगळे मिळून नऊ जण. भाऊ-सिस्टर, एका वनरक्षकाचं कुटुंब, बँकेतला एक कारकून. मिस्सा भाऊंच्या क्वार्टरमध्येच व्हायची. मिस्सा म्हणजे त्यांची पूजा-प्रार्थना, हे मला सिस्टरनी समजावलं होतं. ती कुणा मृताच्या नावानं करायची असेल तर आधी फादरना चिठ्ठी द्यायची. भाऊंनी एका महिन्यात चिठ्ठी दिली, ‘दुर्पदेची मुलगी छबी, वय सात’. फादरनी ते नाव घेऊन, त्या लहान जिवासाठी सगळ्यांना उभं करून प्रार्थना केली. वनरक्षकाच्या बायकोनं तर डोळे पुसले. मागे दाराशी उभ्या असलेल्या सिस्टरनी माझ्याकडे पाहून पदर तोंडाला लावला होता, तो हसू आवरायला.

फादरही वाचणारे होते. जाताना त्यांनी वाटेत वाचायला भाऊंकडून एक पुस्तक मागितलं. भाऊंनी भोळेपणानं ‘दगडखाणवाली’च दिली. पुढच्या महिन्यात फादर आले ते जीपमधून उतरताक्षणीच बोलायला लागले.

“भाऊ, तुम्ही माझ्याकडून कादंबरीतल्या मुलीसाठी मिस्सा करून घेतली!”

“हो फादर.”

“ती मुलगी कधी नव्हतीच!”

भाऊंनी चष्म्याचा दोरा चाचपला आणि म्हणाले, “फादर, ज्यानं लिवलं त्यानं कुठी तरी येक मेलेली पोर पाह्यली असल. त्याबिगर असं लिवता येत नाई. तिचं नाव त्यालेबी ठाव नसल. तिच्या मायबापाईनं कोनाले चिठ्ठी देल्ली नसल. आपली मिस्सा तिले लागली म्हना.”

फादरनी वेदीसाठी टेबल सरकवलं, पांढरं कापड अंथरलं. मिस्सा संपल्यावर कॉफी पिताना म्हणाले, “शेवट मला पटला नाही. पण आंधळ्या टपालवाल्याचं म्हणत होतात, ते आहे का?”

सिस्टर मात्र कादंबऱ्यांच्या वाटेला गेल्या नाहीत. त्यांचं म्हणणं सरळ होतं, “माझ्या वॉर्डात वीस पेशंट आहे. तेवढ्यांचा नाव घेताना मला झोप लागतो.” मी लॅबमध्ये जेवणाची वेळ विसरले की दारात उभ्या राहून “तू जेवला का?” विचारायच्या. पहिल्या वर्षी मला मलेरिया झाला तेव्हा तीन रात्री त्यांच्या घरी होते. मला त्या भागात टिकवलं ते सिस्टरनी, हे मी आता कुणालाही सांगते.

आता पुढचं सांगायला मला नेहमीच जड जातं. माझ्या नोकरीचं सहावं वर्ष होतं. पोळ्याचा आदला दिवस. ते दिवस आमच्याकडे तापाचे. टेबलावर स्लाइडींचा ढीग होता आणि झटपट तपासणीचे किट त्या आठवड्यात संपलेले. साडेतीनची बस पकडली तर मी दुसऱ्या दिवशी पोळ्याला घरी असणार होते. दीडच्या सुमाराला सिस्टर आल्या आणि बोट पुढे करून म्हणाल्या, “माझा पण एक स्लाइड कर. अंग फार दुखतोय.”

मलेरियाची स्लाइड निगेटिव्ह म्हणायची तर मायक्रोस्कोपखाली शंभर ठिकाणी नजर टाकायची असते. त्याला आम्ही फील्ड म्हणतो. मी सिस्टरच्या स्लाइडीची पन्नासएक फील्ड पाहिली. काही दिसलं नाही. घड्याळात अडीच झाले होते. मी रजिस्टरमध्ये ‘निगेटिव्ह’ लिहिलं.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “आज दोन बाळंतपण आहे.” अंगदुखीची गोळी घेऊन त्या लेबररूमकडे गेल्या.

मी घरी गेले. पुरणपोळी खाल्ली. बैलांना ओवाळलं. तिसऱ्या दिवशी परत आले तेव्हा दवाखान्याच्या आवारात माणसं नुसती उभी होती. पोळ्याच्या संध्याकाळी सिस्टर वॉर्डातच पडल्या. डॉक्टरांनी स्वतः नवी स्लाइड पाहिली, ती जंतूंनी भरलेली होती. मेंदूत जाणारा मलेरिया. चंद्रपूरला नेलं, पण त्या शुद्धीवर आल्या नाहीत.

मला कुणी काही बोललं नाही. डॉक्टर म्हणाले, “पहिल्या दिवशी कधी कधी दिसत नाहीत जंतू.” हे खरं आहे, कधी कधी दिसत नाहीत. मी त्या एका वाक्याच्या आड जाऊन बसले. पन्नास फील्ड फक्त मला माहीत होती.

सिस्टरना बल्लारशाला पुरलं. पंधरा दिवसांनी भाऊ कामावर आले. “दम रोका. सोडा.” एवढंच पार्टिशनपलीकडून ऐकू यायचं. साडेआठची प्रार्थना बंद झाली. मी मुद्दाम लवकर जाऊन बसायची, कान देऊन. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा, मग काहीच नाही. फादरना त्यांनी सांगितलं, मिस्सा आता वनरक्षकाकडे करा. नाताळात क्वार्टरवर तारा लागला नाही. माझ्याशी ते बोलत, पण रिपोर्टापुरतं. मला वाटायचं, यांना माहीत आहे.

जानेवारीत त्यांचं एक पुस्तक परत करायला मी क्वार्टरवर गेले. कपाटावर धूळ होती. मी विचारलं, “भाऊ, काय वाचून राह्यले?”

“नाई वाचत. अक्षरं दिसतात. त्याचं वाक्य नाई बनत.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “मी वाचून दाखवू?”

त्यांनी हातानं कपाटावरची धूळ पुसली आणि म्हणाले, “दगडखाणवाली काढ.”

त्या दिवसापासून ओपीडी सुटली की तासभर मी ओसरीत बसून वाचायची. भाऊ डोळे मिटून ऐकत. त्यांनी क्रूस केला नाही. मी एखादं वाक्य घाईत वाचलं तर ते बोट वर करत, मी परत वाचायची. तिसऱ्या आठवड्यात छबीच्या तापाचं प्रकरण आलं. ते मी पूर्वी तीनदा वाचलं होतं, पण त्यातली एक गोष्ट मी पार विसरले होते. वैद्य येतो, छबीच्या मनगटाला हात लावतो, “नुसती कणकण आहे” म्हणतो आणि लग्नाच्या जेवणाला निघून जातो.

पुढचं पान मला दिसत होतं. मी पान उलटलं आणि मनानंच रचून वाचायला लागले. पहाटे छबीला घाम आला. ताप उतरला. तिनं डोळे उघडले आणि आईकडे पेज मागितली. दुर्पदेनं चूल पेटवली.

मी थांबले. भाऊंनी डोळे उघडले.

“हे कुठी लिवलं हाय?”

मी पुस्तक मिटलं. मग सगळं सांगितलं. साडेतीनची बस. रजिस्टर. पन्नास फील्ड. “शंभर पाहायची असतात, भाऊ. मी नाई पाह्यली. मले घरी जायाची घाई होती.”

भाऊ उठले. मला वाटलं, आत पाणी आणायला गेले. पण ते आतल्या दाराच्या चौकटीला धरून पाठमोरे उभे राहिले.

“मले हे ठाव नव्हतं,” ते म्हणाले. मग, “आज जा तू.”

ते आठ दिवस मी कसे काढले, सांगता येत नाही. बदलीचा अर्ज लिहून ठेवला होता. पार्टिशनपलीकडून “दम रोका” एवढंही नीट ऐकू येत नव्हतं. मी डब्यातला भात तसाच परत नेत होते. नवव्या दिवशी दुपारी मी स्लाइड पाहत असताना दारात कुणी तरी उभं राहिल्यासारखं वाटलं. मी मायक्रोस्कोपवरून डोळा काढला नाही. माझी मोजणी बहात्तरवर होती.

“होऊ दे शंभर,” भाऊ म्हणाले.

ते खरंच थांबले. मी शंभर पूर्ण केली, नोंद केली आणि वर पाहिलं.

“पुस्तक अर्धवट टाकलं हाय तू,” ते म्हणाले. “दुर्पदेची पोर आठ दिवसापासून तापानं पडून हाय. किती ताटकळत ठेवशील तिले?”

त्या संध्याकाळी मी ते प्रकरण जसं लिहिलं आहे तसं वाचलं. छबी गेली. दुर्पदा खाणीतल्या बायांना काही न सांगता कामाला गेली, तेही वाचलं. भाऊ रडत होते आणि मला हातानं खूण करत होते, थांबू नको म्हणून. प्रकरण संपलं तेव्हा ओसरीतला उजेड कमी झाला होता. मी दिवा लावायला उठले तर म्हणाले, “बस.”

मग ते बोलले. ते बोलणं मला शब्दाला शब्द आठवतं.

“आठ दिवस मी येकच काम केलं, पोरी. सकाळी उठाचं आन् देवापुढं तुह्यं नाव घ्याचं. पयले तीन दिवस तोंडातून निघालंच नाई. चौथ्या दिवशी निघालं, पन शिवीसारखं. मी देवाले म्हनलं, घे, सध्या अशीच प्रार्थना हाय माह्याजवळ. काल सकाळी नीट निघालं.” त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसावा तसा शर्टाच्या टोकानं पुसला. “तीस वर्सं मले वाटत होतं, मी लय मोठा प्रार्थना करनारा मानूस हाय. कादंबरीतल्या लोकायसाठी सोपं असते. त्याईनं माह्यं काई बिघडवलं नसते.”

पोरी म्हणाले, एवढंच कानात राहिलं होतं. त्याआधी सहा वर्षं मी ‘लॅबवाल्या बाई’ होते.

पुढच्या तिसऱ्या रविवारी मिस्सा परत त्यांच्या क्वार्टरमध्ये झाली. चिठ्ठीवर पहिल्यांदा सिस्टरचं नाव होतं. फादरनी ते वाचताना माझ्या शेजारी उभ्या असलेल्या वनरक्षकाच्या बायकोनं माझा हात धरला. का धरला ते तिला माहीत नसावं. बदलीचा अर्ज मी फाडून टाकला.

नंतर दवाखान्यात कॉम्प्युटरवाला एक्सरे आला. भाऊंना तो आवडला नाही, पण शिकले. निवृत्त झाले आणि पुस्तकांची खोकी टेम्पोत घालून बल्लारशाला वडिलांच्या घरी राहायला गेले. महिन्यातून एकदा फोन येतो. काय वाचतेस, म्हणून विचारतात. मी आता दवाखान्यातली जुनी झाले आहे, माझ्या हाताखाली दोघं जण आहेत.

गेल्या नोव्हेंबरात त्यांचा फोन आला. “दोन तारखेले आमचा मृतायचा दिवस असते. सिस्टरकडं जाऊन राह्यलो. येतेस का?”

मी गेले. सिस्टर गेल्यापासूनच्या सहा वर्षांत एकदाही त्यांच्या कबरीवर जायचं धाडस मला झालं नव्हतं. दफनभूमी झाडून स्वच्छ केली होती. जिकडे तिकडे झेंडूच्या माळा आणि मेणबत्त्या. लोक आपापल्या माणसांशेजारी बसून बोलत होते. भाऊंनी कबरीच्या कडेला रुमाल अंथरला, बसले आणि सिस्टरशी गप्पा मारायला लागले. मिक्सर दुरुस्त केला. शेजारच्याची मुलगी नर्सिंगला लागली. नवे फादर चांगले आहेत पण फार बेसूर गातात. एका पुस्तकाचं नाव नाही.

मी म्हणाले, “भाऊ, काय वाचून राह्यले ते नाई सांगत सिस्टरले?”

“तिले कुठी आवडत होत्या कादंबऱ्या? जिती होती तवा ऐकवून ऐकवून पकवलं तिले.” ते जरा सरकले आणि रुमालाची मोकळी बाजू थोपटली. “तू सांग ना काई.”

मी बसले. माफी मागायची तर ती मनात हजारदा मागून झाली होती. मग सिस्टर रोज सकाळी लॅबच्या दाराशी येऊन कालचा रिपोर्ट विचारायच्या तेव्हा उभी राहून सांगायची, तशी मी बोलायला लागले.

“सिस्टर, परवा तेवीस स्लाइडी होत्या. दोन पॉझिटिव्ह. बाकी निगेटिव्ह होत्या, पण त्यातल्या ज्यायचा ताप उतरला नाई त्यायले काल परत बोलावलं. सगळ्यायची परत पाह्यली. त्यात एक निघाली. गरोदर बाई हाय, सातवा महिना. लगेच गोळ्या चालू केल्या.”

भाऊ मान वळवून ऐकत होते.

“मंग?” त्यांनी विचारलं. “कशी हाय आता ती?”

“सकाळी बस पकडाच्या आधी वॉर्डात जाऊन आले, भाऊ. ताप नव्हता. पेज खाऊन राह्यली होती.”